फिट थांबल्यानंतर मेंदूत काय चालू राहतं?



फिट, आकडी, झटके, फेफरं, मिरगी, अपस्मार. आपल्या भाषेत या आजाराला इतकी नावं आहेत, पण चारचौघांत त्यातलं एकही नाव आपण मोठ्याने घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. म्हणजे आपल्या गणेशोत्सवाला तीन-चारशे मंडळी जमली, तर सरासरीने त्यात दोन जण तरी निघतील. आपल्याला ते माहीत नसतं, कारण ते सांगत नाहीत.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. दिवसभर सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळणारा इंजिनिअर आहे. पण आमच्या घरात हा आजार असल्याने गेली काही वर्षं मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो आहे. त्यातला एक भाग प्रत्येक घराला माहीत असायला हवा असं वाटतं, म्हणून हा लेख. तो भाग असा: लांबलेली फिट थांबली, अंग सैल पडलं, म्हणजे सगळं संपलं असं नसतं. त्यानंतर कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, मेंदूत एक प्रकारची सूज राहते आणि काही जणांच्या बाबतीत हीच सूज पुढच्या अपस्माराचा पाया घालते.

फिट म्हणजे नेमकं काय?

आपल्या मेंदूत साधारण ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. त्या एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी आणि रसायनांनी बोलतात. ग्लुटामेट नावाचं रसायन पेशीला उत्तेजित करतं आणि गाबा नावाचं रसायन तिला शांत करतं. गाडीचे ॲक्सिलरेटर आणि ब्रेकच म्हणा ना! एरवी दोन्हींचा तोल असतो. तो बिघडला की पेशींचा मोठा गट एकाच वेळी, एकाच तालात पेटतो. हीच फिट. त्या वेळी बाहेरून दिसणारे हातापायांचे झटके हा तिचा एक प्रकार झाला. काही वेळा माणूस फक्त टक लावून बघतो, ओठ चाटतो आणि हाकेला ओ देत नाही. तीही फिटच असते.

एकदा फिट आली म्हणजे अपस्मार झाला, असं मात्र नाही. ताप, साखर एकदम कमी होणं, डोक्याला मार अशा कारणांनी कोणालाही फिट येऊ शकते. तसं काही तात्कालिक कारण नसताना फिट पुन्हा पुन्हा येण्याकडे मेंदूचा कल झाला, की त्याला अपस्मार म्हणतात.

पाच मिनिटं आणि तीस मिनिटं

बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात, कारण मेंदूची स्वतःची ब्रेकची व्यवस्था चांगली असते. पण कधी कधी हा ब्रेक लागतच नाही. या स्थितीला 'स्टेटस एपिलेप्टिकस' म्हणतात. जगभरातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली तिच्या व्याख्येत दोन वेळा ठरवून दिल्या. अंगभर झटके येणारी फिट ५ मिनिटांच्या पुढे गेली, की ती आपोआप थांबण्याची शक्यता कमी होते, म्हणून तेव्हाच उपचार सुरू करायचे. ती ३० मिनिटांच्या पुढे गेली, की मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका सुरू होतो.

पाच मिनिटांना इतकं महत्त्व का? फिट चालू असताना मज्जापेशीच्या पृष्ठभागावरची गाबाची ग्रहणकेंद्रं हळूहळू पेशीच्या आत ओढली जातात आणि ग्लुटामेटची काही ग्रहणकेंद्रं उलट बाहेर येतात. म्हणजे जसजसा वेळ जातो तसा ब्रेक ढिला होतो आणि ॲक्सिलरेटर अधिक दाबला जातो. फिट थांबवणारी लोराझेपॅम, मिडॅझोलॅम ही औषधं याच गाबाच्या केंद्रांवर काम करतात. केंद्रंच कमी झाली तर औषध लागू कसं पडणार? म्हणून जे औषध पाचव्या मिनिटाला सहज काम करतं, तेच चाळिसाव्या मिनिटाला हात टेकतं.

सूज कुठून येते?

आता मुख्य विषयाकडे येऊ. पाय मुरगळला की तो लाल होतो, सुजतो, दुखतो. इजा झालेल्या जागी शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा धावून येते, त्याचाच हा परिणाम. डॉक्टर याला दाह म्हणतात. मेंदूतही असाच दाह होतो, फक्त तो बाहेरून दिसत नाही आणि दुखतही नाही.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. रात्रपाळीच्या वॉचमनसारखी त्यांची सतत गस्त चालू असते. लांबलेल्या फिटमध्ये मज्जापेशी थकतात, काही मरतात आणि त्यांच्या आतली रसायनं बाहेर सांडतात. एचएमजीबी-१ नावाचं एक प्रथिन एरवी पेशीच्या केंद्रकात गुपचूप बसलेलं असतं. ते बाहेर आलं की मायक्रोग्लिया पेशींना समजतं की इथे काहीतरी मोडलं आहे. त्या आकार बदलतात, फुगतात आणि इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा अशी दाह वाढवणारी रसायनं सोडू लागतात. मज्जापेशींना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशीही त्यात सामील होतात.

जंतुसंसर्गात हीच रसायनं उपयोगी ठरतात. पण इथे मारायला जंतूच नाही! उलट इंटरल्युकिन-१ बीटा ग्लुटामेटच्या ग्रहणकेंद्रांना अधिक तीव्र करतं, त्यामुळे मज्जापेशीत कॅल्शियम जास्त शिरतं आणि ती लवकर पेटते. म्हणजे फिटमुळे दाह आणि दाहामुळे पुन्हा फिट. आमच्या धंद्यात असा प्रकार नेहमी दिसतो. सर्व्हर अडखळला की तो एरर लिहायला लागतो, आणि एरर लिहिण्याच्या भाराने आणखी अडखळतो. चक्र एकदा सुरू झालं की मूळ कारण नाहीसं झालं तरी ते फिरत राहतं.

गाळणी फाटते तेव्हा

मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतर अवयवांपेक्षा फार घट्ट असतात. रक्तातलं काय आत सोडायचं आणि काय नाही, हे त्या ठरवतात. वस्त्रगाळ करणारी गाळणीच ती. लांबलेल्या फिटनंतर या गाळणीला काही काळ भोकं पडतात. मग रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं साधं प्रथिन मेंदूत झिरपतं. ॲस्ट्रोसाइट पेशी ते शोषून घेतात आणि त्यामुळे त्यांचं नेहमीचं एक काम मागे पडतं.

हे काम म्हणजे मज्जापेशींभोवती साचणारं पोटॅशियम उचलून नेणं. दिवाळीच्या पार्टीत एकाने सतत कागदी प्लेट गोळा केल्या तर हॉल नीट राहतो. तो दमून बसला की तासाभरात पाय ठेवायला जागा उरत नाही. पोटॅशियम साचलं की आजूबाजूच्या मज्जापेशी जरा जरा कारणाने पेटू लागतात. त्यातच रक्तातल्या पांढऱ्या पेशीही त्या फटींतून आत येतात आणि दाह वाढवतात.

मधला शांत काळ

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे मधला काळ. फिट थांबते, मूल घरी येतं, खेळू लागतं, सगळे विसरतात. पण काही जणांच्या मेंदूत आतल्या आत बदल चालू असतात. काही पेशी मरतात, उरलेल्या नव्या आणि भलत्याच जोडण्या करतात, तिथे व्रण धरतो. मेंदूच्या आतल्या बाजूला, कानशिलाच्या पातळीवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. आठवणी साठवण्यात त्याचा मोठा वाटा असतो आणि लांबलेल्या फिटची झळ त्याला लवकर लागते. हा शांत काळ काही महिन्यांचा असू शकतो, तसाच काही वर्षांचाही.

माझी एक मामेबहीण माझ्यापेक्षा वर्षाने मोठी. ती दीड वर्षाची असताना तापात तिला फिट आली. गाव सातारा जिल्ह्यातलं, रात्रीची वेळ. जीप मिळून तालुक्याला पोचेपर्यंत तासाच्या वर गेला आणि तोवर फिट चालूच होती. तिथे इंजेक्शन दिल्यावर ती थांबली. पुढे नऊ-दहा वर्षं काहीही नाही. मग शाळेत ती मध्येच गप्प होऊ लागली, ओठ हलवायची, हातातली पेन्सिल चाचपत राहायची. बाईंना वाटलं तिचं लक्ष नाही. आजीला वाटलं बाहेरचं काहीतरी आहे, म्हणून देवऋषीही झाला. बऱ्याच वर्षांनी पुण्यात एमआरआय झाला तेव्हा उजव्या हिप्पोकॅम्पसवर व्रण दिसला. त्या रात्रीच्या फिटचाच हा परिणाम, असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. मुळातच तो भाग नाजूक असेल आणि म्हणूनच फिट लांबली असेल, हीसुद्धा एक शक्यता असते. आज ती नियमित गोळ्या घेते आणि शाळेत गणित शिकवते.

हे नातं तपासण्यासाठी अमेरिकेत 'फेबस्टॅट' नावाचा मोठा अभ्यास झाला. तापात अर्धा तास किंवा त्याहून जास्त फिट आलेल्या १९९ मुलांची त्यात नोंद झाली. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये दर दहांतल्या साधारण एका मुलाच्या हिप्पोकॅम्पसला सूज आल्याच्या खुणा दिसल्या. अशा मुलांपैकी ज्यांचा साधारण वर्षभराने पुन्हा एमआरआय झाला, त्यांतल्या बहुतेकांच्या हिप्पोकॅम्पसवर व्रण धरलेला आढळला. याचाच दुसरा अर्थ असा, की दहांतल्या साधारण नऊ मुलांत ही सूज दिसलीच नाही. तेव्हा घाबरून जाऊ नका. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात फिट येते. त्यातल्या बहुतेक फिट काही मिनिटांत थांबतात आणि पुढे काहीही होत नाही.

हे कळलं कसं?

फिटमधून फिट जन्मते, असा विचार लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी १८८१ सालीच मांडला होता. पण यात रोगप्रतिकारक यंत्रणेचा हात असेल, हे पुढे बऱ्याच काळाने पुढे आलं. १९५८ साली माँट्रियलमध्ये थिओडोर रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या मेंदूच्या एकाच बाजूला जुनाट दाह होता आणि फिट काही केल्या थांबत नव्हत्या. पुढे १९९० च्या दशकापासून इटलीतल्या मिलान शहरात ॲनामारिया वेझानी यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केले. इंटरल्युकिन-१ बीटाने फिट लांबते आणि त्याला अडवलं की कमी होते, असं त्यांना दिसलं. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या रे डिंगलडाइन यांच्या गटाने २०१६ साली आणखी एक गोष्ट दाखवली. लांबलेल्या फिटनंतर रक्तातल्या मोनोसाइट पेशींना मेंदूत शिरू दिलं नाही, तर उंदरांच्या मेंदूची हानी कमी होते.

आपल्या देशात तर दाह आणि फिट यांचं नातं दाखवणारं एक ठळक उदाहरण आहे. पट्टकृमीची अंडी दूषित पाण्यातून किंवा नीट न धुतलेल्या भाजीतून पोटात गेली, तर त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात. भारतात फिट येण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि शाकाहारी घरंही त्यातून सुटत नाहीत. या गाठी कित्येक वर्षं गप्प असतात. अळी मरू लागते आणि शरीराची यंत्रणा तिच्यावर तुटून पडते, तेव्हा बऱ्याचदा पहिली फिट येते. म्हणून कृमिनाशक औषधाबरोबर डॉक्टर दाह कमी करणारं स्टेरॉइडही देतात.

मग सूज उतरवणारं औषध का देत नाहीत?

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. आजची अपस्माराची औषधं फिट दाबतात, पण अपस्मार घडण्याची प्रक्रिया थांबवतात असं सिद्ध झालेलं नाही. १९९० साली सिॲटलमध्ये डोक्याला जबर मार लागलेल्या ४०४ रुग्णांवर एक चाचणी झाली. फेनिटॉइन दिल्यावर पहिल्या आठवड्यातल्या फिट स्पष्टपणे कमी झाल्या, पण पुढे येणाऱ्या फिटचं प्रमाण कमी झालं नाही. दिवा मालवला, पण भिंतीतलं वायरिंग बदलतच राहिलं!

दाहावरच्या औषधांचं चित्र संमिश्र आहे. पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरण्यापासून रोखणारं नॅटालिझुमॅब हे औषध गोळ्यांना दाद न देणाऱ्या अपस्मारात वापरून पाहिलं गेलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात ते अपेक्षित कसोटीला उतरलं नाही. दुसरीकडे, धडधाकट मुलांना साध्या तापानंतर न थांबणाऱ्या फिट येण्याचा 'फायर्स' नावाचा दुर्मिळ आजार आहे. त्यात संधिवातासाठी आलेलं ॲनाकिनरा हे औषध काही मुलांना उपयोगी पडल्याचं २०१६ पासून प्रसिद्ध झालं आहे. ते इंटरल्युकिन-१ चा रस्ता अडवतं.

अडचण अशी, की दाह पूर्णपणे वाईट नसतो. मेलेल्या पेशींचा कचरा उचलणं, जखम भरणं ही कामंही त्यातूनच होतात. कोणता भाग, किती दिवस आणि कोणत्या रुग्णात अडवायचा, यावर संशोधन चालू आहे. तेव्हा घरच्या घरी आयबुप्रोफेन किंवा हळदीच्या कॅप्सूल देऊन अपस्मार टाळता येईल, असं कृपया समजू नका. तापाचं औषध मुलाला बरं वाटावं म्हणून जरूर द्या, पण त्याने तापातली फिट टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

आपल्या हातात काय आहे?

दाह सुरू झाल्यावर त्याला अडवणं आज कठीण आहे. तो सुरूच होऊ नये म्हणून फिट लांबू न देणं मात्र आपल्याला जमण्यासारखं आहे.

१. फिट सुरू होताच घड्याळ बघा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका.

२. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. हातपाय दाबून धरू नका.

३. तोंडात काहीही घालू नका. चमचा नको, पाणी नको, बोट तर नकोच. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही, त्यात फक्त मोलाची मिनिटं जातात.

४. फिट ५ मिनिटांच्या पुढे गेली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, आयुष्यातली पहिलीच असली, पाण्यात आली, किंवा श्वास घ्यायला त्रास होत असला, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, महाराष्ट्रात १०८. स्वतः गाडीत घालून धावण्यापेक्षा हे बरं, कारण रुग्णवाहिकेतच औषध मिळू शकतं.

५. ज्यांना आधीपासून अपस्मार आहे, त्यांनी घरी ठेवायच्या तातडीच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. अमेरिकेत नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा स्प्रे २०१९ साली आणि डायझेपॅमचा २०२० साली मंजूर झाला. ब्रिटनमध्ये गाल आणि हिरडीच्या मध्ये सोडायचं मिडॅझोलॅम वापरतात. भारतातही नाकाचा स्प्रे मिळतो. प्रवासात ही औषधं नेताना प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवा आणि त्या देशाचे नियम आधी तपासा. विशेषतः आखाती देशांत अशा औषधांबाबत नियम कडक असतात.

वेळेचं मोल किती, याचा एक पुरावा सांगतो. २०१२ साली अमेरिकेत ८९३ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. रुग्णवाहिकेत शिरेतून लोराझेपॅम दिलेल्यांपैकी ६३ टक्के रुग्णांची फिट इस्पितळात पोचेपर्यंत थांबली होती. मांडीत मिडॅझोलॅमचं इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण ७३ टक्के होतं. थरथरत्या हातात शीर शोधायला वेळ जातो, मांडीत सुई लगेच टोचता येते. फरक पडला तो मुख्यतः त्या वाचलेल्या मिनिटांमुळे.

आणि शेवटचं, लपवू नका

वरच्या पाचही गोष्टी तेव्हाच शक्य आहेत, जेव्हा आजूबाजूच्या लोकांना माहीत असतं. शाळेतल्या नर्सला, ऑफिसातल्या शेजारच्या सहकाऱ्याला, रूममेटला, मंडळाच्या सहलीत बरोबर असलेल्या कोणाला तरी. आपल्याकडे लपवण्यामागे जुनी भीती आहे, ती म्हणजे लग्नाची. ती अगदीच निराधार नव्हती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार लग्नाच्या आड येत असे. १९९९ साली संसदेने तो शब्दच कायद्यातून काढून टाकला. कायदा बदलून दोन दशकांहून जास्त काळ लोटला, आपल्या घरांत मात्र अजून कुजबुजच चालते.

माझ्या मामेबहिणीच्या वर्गातल्या मुलांना माहीत आहे की बाई मध्येच गप्प झाल्या तर काय करायचं. तिने स्वतःच त्यांना शिकवलं आहे: बाईंना खुर्चीत बसू द्या, घड्याळ बघा, आणि पाच मिनिटं झाली की शेजारच्या वर्गातल्या सरांना बोलवा. सहावीच्या मुलांना जमतं, तर आपल्यालाही जमेल.

या महिन्यात एवढंच करा. घरातल्या सगळ्यांना, भारतातून आलेल्या आई-बाबांनासुद्धा, हे पाच मुद्दे वाचून दाखवा आणि फ्रिजवर लावा. आणखी काही शंका असल्यास आपल्या डॉक्टरांशी जरूर बोला.

काळजी घ्या, आणि भेटूच पुढच्या कार्यक्रमात!